अमेरिकेतल्या घरामागच्या तळ्यात हायब्रीड आणि अस्सल सनफिश एकत्र सोडले की नेमकं काय बिघडतं?

रील्स स्क्रोल करताना हा व्हिडिओ तुम्हीही कधीतरी बघितला असेल. अमेरिकेतलं एखादं खेडं, घरामागे छोटंसं तळं, लाकडी धक्क्यावर बसलेला नातू आणि शेजारी आजोबा. नातू गळ टाकतो, दोन मिनिटांत गळ ओढला जातो आणि पाण्यातून तळहाताएवढा चपटा मासा बाहेर येतो. पोट नारिंगी, अंगावर निळसर-हिरवी झाक आणि कल्ल्याजवळ काळा ठिपका.

हा मासा म्हणजे सनफिश. असंख्य अमेरिकन पोरांनी आयुष्यात पकडलेला पहिला मासा हाच असतो.

त्या व्हिडिओच्या कमेंट्स उघडल्या की मात्र भांडण सापडतं. एक जण म्हणतो, "तळ्यात हायब्रीड सोडा, दुप्पट वेगाने वाढतात." दुसरा म्हणतो, "हायब्रीड सोडले आणि माझ्या तळ्याची वाट लागली." तिसरा विचारतो, "माझ्याकडे आधीपासून साधे ब्लूगिल आहेत, त्यांच्यातच शंभर हायब्रीड सोडले तर चालतील का?"

हा तिसरा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. कारण मासे तळ्यात सोडायला पाच मिनिटं लागतात, पण परत बाहेर काढायला अख्खं तळं रिकामं करावं लागतं. म्हणून विषय मुळापासून समजून घेऊया.

सनफिश म्हणजे नेमका कुठला मासा?

आधी एक गोंधळ दूर करू. नुसतं सनफिश असं गुगल केलं, तर समुद्रातला गाडीच्या चाकासारखा दिसणारा अवाढव्य मासाही समोर येतो. तो वेगळा. आपण बोलतोय ते गोड्या पाण्यातल्या सनफिशबद्दल.

हे मासे मूळचे फक्त उत्तर अमेरिकेतले. त्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव सेंट्रार्किडी. या कुळात तीसहून जास्त प्रजाती आहेत, पण तळ्याच्या गोष्टीत आपल्याला चारच पात्रं लक्षात ठेवायची आहेत.

पहिलं पात्र ब्लूगिल. तोंड लहान, अंग चपटं. किडे, अळ्या, पाण्यातले बारीक जीव खाणारा. अमेरिकन तळ्यांचा कणा हाच. अलाबामातल्या केटोना तलावात १९५० मध्ये पकडलेला ब्लूगिल ४ पौंड १२ औंसांचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या थोडा आतला होता. पण तो अपवाद. सहसा हा मासा तळहाताएवढाच राहतो.

दुसरं पात्र ग्रीन सनफिश. तोंड मोठं, स्वभाव दांडगट. गढूळ पाणी, कमी ऑक्सिजन, आटत चाललेला ओढा, कुठेही तग धरतो. पावसाळी ओहोळातून पोहत वर चढतो आणि न बोलावता तळ्यात हजर होतो.

तिसरं पात्र रेडइअर. हा गोगलगायी फोडून खातो. माशांच्या अंगात शिरणाऱ्या काही परजीवींचा प्रवास गोगलगायीतूनच होतो, म्हणून तळेमालकांना हा आवडतो.

चौथं पात्र लार्जमाउथ बास. हाही त्याच कुळातला, पण शिकारी. बाकी तिघांची पिल्लं खाऊन तो मोठा होतो.

आता ज्याला दुकानात "हायब्रीड ब्लूगिल" म्हणतात, तो बहुतेक वेळा ब्लूगिल नर आणि ग्रीन सनफिश मादी यांचा संकर असतो. म्हणजे बाप शांत, आई दांडगट.

एवढी तळी आली कुठून?

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात दुष्काळ पडला. धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेली. त्यानंतर सरकारने माती आणि पाणी धरून ठेवण्यासाठी १९३५ मध्ये मृदसंधारणाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि शेतात तळी खोदायला प्रोत्साहन दिलं. आपल्याकडच्या शेततळ्यासारखंच, फक्त कित्येक दशकं आधी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अमेरिकेच्या मुख्य भूभागावर माणसाने तयार केलेले निदान २६ लाख छोटे पाणसाठे असल्याचा अंदाज मांडला होता.

तळी झाली, मग त्यात मासे कुठले सोडायचे?

याचं उत्तर अलाबामातल्या ऑबर्नमध्ये होमर स्विंगल नावाच्या संशोधकाने शोधलं. प्रयोगासाठी तळी खोदायची, वेगवेगळ्या प्रमाणात मासे सोडायचे, काही काळाने पाणी सोडून देऊन प्रत्येक मासा मोजायचा. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यातून बास आणि ब्लूगिलची जोडी पुढे आली. खत घातलेल्या तळ्यात एकरी, म्हणजे ४० गुंठ्यांना, १,००० ब्लूगिल आणि १०० बास. खत नसेल तर निम्मे. आधी ब्लूगिल सोडायचे आणि त्यांची वीण सुरू होण्याच्या बेताला बासची पिल्लं सोडायची.

यामागचा हिशोब सरळ आहे. ब्लूगिल भरमसाट पिल्लं घालतो. ती खाऊन बास वाढतो. बासने गर्दी कमी केली की उरलेल्या ब्लूगिलना पोटभर खायला मिळतं आणि तेही मोठे होतात. माणूस दोन्ही पकडून खातो. दरवर्षी नवे मासे विकत आणावे लागत नाहीत.

हे सगळं टिकतं ते एका गोष्टीवर. तळ्यातला ब्लूगिल पिढ्यानपिढ्या ब्लूगिलच राहतो.

मग हायब्रीडची क्रेझ का?

कारण पहिल्या पिढीचा हायब्रीड खरंच भारी असतो.

आईकडून मोठं तोंड आलेलं असतं, त्यामुळे तो मोठा घास घेतो. तरंगणारं खाद्य टाकलं की आधी धावून येतो. गळाला पटकन लागतो, म्हणजे पोरं खूश. रोज खाद्य मिळालं तर झपाट्याने वाढतो. खाद्य मिळालं नाही, तर मात्र त्याच्यात आणि साध्या ब्लूगिलमध्ये फार फरक पडत नाही. ही गोष्ट जाहिरातीत सहसा बारीक अक्षरात असते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या संकरात नर खूप आणि माद्या कमी जन्मतात. साधारण ८० ते ९५ टक्के नर. माद्याच कमी, म्हणजे पिल्लं कमी, म्हणजे गर्दी कमी, म्हणजे मासे मोठे. छोट्या तळ्याच्या मालकाला आणखी काय हवं?

गडबड इथेच होते. "पिल्लं कमी होतात" हे वाक्य तोंडातोंडी फिरत "पिल्लं होतच नाहीत" असं होऊन बसतं.

फॅक्ट चेक : हायब्रीड सनफिश वांझ असतात का?

नाही.

घोडा आणि गाढवाचा संकर असलेलं खेचर वांझ असतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे संकर म्हणजे वांझ असा समज होतो. सनफिशचं तसं नाही. इलिनॉय राज्याच्या नॅचरल हिस्टरी सर्व्हेमधले विल्यम चाइल्डर्स यांनी ब्लूगिल, ग्रीन सनफिश, रेडइअर आणि वॉरमाउथ या चार जातींचे एकमेकांशी संकर करून बघितले आणि १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच संकरांना पुढे पिल्लं होऊ शकतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

आता साधं गणित करू. समजा तळ्यात १,००० हायब्रीड सोडले आणि त्यातले ९० टक्के नर निघाले. तरी १०० माद्या उरल्या. एकेका मादीने नुसती दहा हजार अंडी घातली तरी आकडा दहा लाखांवर जातो. त्यातली बहुतांश मरतील हे खरं, पण तळं भरायला त्यातला छोटासा वाटाही पुरतो.

आणखी दोन गैरसमज. हायब्रीड सनफिश हा जनुकं कापून-जोडून प्रयोगशाळेत बनवलेला मासा नाही, दोन जातींच्या नर-मादीपासून झालेला साधा संकर आहे. दुसरं, तो फक्त माणसानेच घडवलाय असंही नाही. निसर्गातही हे संकर होतात. पाणी गढूळ असेल किंवा एका जातीचे मासे फार कमी असतील, तर जोडीदार निवडताना घोटाळा होतो. कार्ल हब्स या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने तर दाखवून दिलं होतं, की आधीच्या अभ्यासकांनी वेगळी जात म्हणून नोंदवलेले काही सनफिश प्रत्यक्षात संकर होते.

थोडक्यात, या माशांमधल्या भिंती आधीच कच्च्या आहेत.

एकत्र सोडले की पुढे काय होतं?

समजा, एका कुटुंबाच्या तळ्यात तीस वर्षांपासून ब्लूगिल आणि बास गुण्यागोविंदाने नांदतायत. आता नव्या पिढीने शंभर हायब्रीड आणून सोडले.

पहिली दोन वर्षं सगळे खूश. हायब्रीड वाढतात, गळाला लागतात, फोटो टाकले जातात.

पण तळ्याच्या तळाशी वेगळंच काही चाललेलं असतं. पाणी साधारण २१ अंश सेल्सिअसला पोहोचलं की ब्लूगिल नर उथळ पाण्यात शेपटीने माती उडवून बशीसारखे खळगे करतात. एकमेकांना लागून असे खळगे, जणू एखादी चाळच. मादी येऊन अंडी घालून जाते. नर पहारा देतो, पराने वारा घालतो. हे पूर्ण उन्हाळाभर पुन्हापुन्हा चालतं.

हायब्रीड नरही तेच करतात आणि ते आक्रमक असतात. त्यांनी जागा धरली आणि ब्लूगिल मादीने तिथे अंडी घातली, की झाली नवी मिसळ. पिल्लं तीन चतुर्थांश ब्लूगिल, एक चतुर्थांश ग्रीन.

तुम्ही म्हणाल, ब्लूगिल नर आपलं घरटं राखतोच की. राखतो, पण त्यालाही चकवणारे आहेत. कॅनडातल्या ओंटॅरिओमधल्या ओपिनिकन सरोवरात मार्ट ग्रॉस यांनी १९८० च्या दशकात हे उलगडून दाखवलं. काही ब्लूगिल नर स्वतः घरटं करतच नाहीत. लहान असताना ते गवतात लपतात आणि ऐन वेळी घुसून आपलं बीज सोडून पळतात. जरा मोठे झाले की मादीचं रूप घेऊन पहारेकऱ्यासमोरूनच आत शिरतात. पुढच्या संशोधनात असंही दिसलं, की हे चोरटे नर शेजारच्या दुसऱ्या जातीच्या घरट्यातही घुसतात आणि संकर घडवतात.

एकदा दोन्ही प्रकार एका पाण्यात आले की घरटं कोणाचं आणि पिल्लं कोणाची, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

हायब्रीड ज्वारीचं उदाहरण आठवा

हे समजून घ्यायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. गावाकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

१९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली हायब्रीड ज्वारी आली. "हायब्रीड" हा शब्द त्या काळापासून मराठीत असा रुजला, की आपण माणसांनाही हायब्रीड पिढी म्हणायला लागलो. त्या ज्वारीने शेतकऱ्याला एक धडा शिकवला. हायब्रीडचं कणीस कितीही भरलेलं असो, त्यातले दाणे राखून पुढच्या वर्षी पेरायचे नाहीत. पेरले तर एक ताट उंच, एक बुटकं, एक कणीस भरलेलं, एक पोचट. म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते.

सनफिशचंही हेच आहे. पहिल्या पिढीतल्या प्रत्येक माशाला अर्धी जनुकं बापाची, अर्धी आईची. म्हणून सगळे एकसारखे आणि जोमदार. दुसऱ्या पिढीत हे पत्ते पिसले जातात. काही पिल्लं ब्लूगिलकडे झुकतात, काही ग्रीनकडे, काही मधल्यामध्ये. जोम कमी होतो. नर जास्त, माद्या कमी हे सोयीचं प्रमाणही हळूहळू हातातून जातं.

फरक एकच. शेतात दाणे पेरायचे की नाही, हे शेतकरी ठरवतो. तळ्यात ते मासे ठरवतात.

आपल्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ एकत्र सोडतात. त्यांचेही एकमेकांशी संकर होऊ शकतात आणि हॅचरीमध्ये प्रजननाचे मासे मिसळले तर होतातही. पण हे मासे साचलेल्या तळ्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन वीण घडवण्याची पद्धत यशस्वी केली आणि आज आपला शेतकरी बोटुकली विकत आणतो. बोटुकलीत भेसळ असली तरी ती त्या हंगामात विकून संपते. सनफिशची भेसळ तळ्यातच पुढे वाढत राहते.

खरा धोका : बोटाएवढ्या माशांनी भरलेलं तळं

आता कुणी म्हणेल, मिसळ झाली तर झाली. मासा तो मासाच.

मुद्दा शुद्धतेच्या अभिमानाचा नाहीच. मुद्दा तळ्याच्या शिस्तीचा आहे.

तळ्यात अन्न मर्यादित असतं. पिल्लं जास्त झाली की मासे उपाशी मरतात असं नाही, ते वाढायचे थांबतात. चार-चार वर्षं वय आणि लांबी बोटाएवढी. ते काय करतात? उरलेले किडे संपवतात, बासची अंडी आणि पिल्लं खातात. मग बासही कमी होतात. आवर घालायलाच कुणी उरत नाही आणि गाडी उताराला लागते.

आपल्याकडे चिलापीचं असंच झालं. चिलापी म्हणजे तिलापिया. हा परदेशी मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. तो साचलेल्या पाण्यातही धडाक्याने वाढतो आणि गर्दी झाली की बारीकच राहतो.

हायब्रीड सनफिशच्या बाबतीत निकाल ठरतो तो बासवर. तळ्यात भरपूर बास असतील तर ते हायब्रीडांची बहुतेक पिल्लं खाऊन टाकतात आणि मिसळीचा वेग खूप कमी होतो. बास नसतील तर तीच पिल्लं तळं भरून टाकतात. म्हणूनच कमेंट्समधल्या दोघांचे अनुभव वेगळे असतात. "मला काहीच त्रास झाला नाही" म्हणणाऱ्याच्या तळ्यात बहुधा बास असतात. "वाट लागली" म्हणणाऱ्याच्या तळ्यात बहुधा नसतात. दोघंही खरं बोलतायत, फक्त अर्धं.

ओळखायचं कसं?

ब्लूगिल : तोंड लहान. कल्ल्यावरच्या झाकणाचं टोक पूर्ण काळं. पाठीवरच्या पराच्या मागच्या बाजूला बुडाशी गडद डाग. छातीजवळचे पर लांब आणि टोकदार.

ग्रीन सनफिश : तोंड मोठं, जबडा डोळ्याखालपर्यंत येतो. गालावर निळ्या-हिरव्या वळणदार रेषा. परांच्या कडा पिवळसर. छातीजवळचे पर आखूड आणि गोलसर.

हायब्रीड : तोंड मध्यम. पाठीच्या परावरचा डाग पुसट. काळ्या टोकाला फिकट कड. परांच्या कडांना पिवळी झाक.

पहिल्या पिढीत हे बऱ्यापैकी जमतं. पुढच्या पिढ्यांत मात्र अनुभवी माणूसही चकतो. तीन चतुर्थांश ब्लूगिल असलेला मासा दिसायला ब्लूगिलच असतो. खात्री करायची तर जनुकीय चाचणी हाच मार्ग. म्हणून "नंतर हायब्रीड तेवढे निवडून काढू" हा प्लॅन कागदावरच राहतो.

मग तळेमालकाने करायचं काय?

सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा. आपल्याला टिकणारं तळं हवंय की दोन-चार वर्षांची मजा? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण एकाच तळ्यात दोन्ही मिळत नाहीत.

टिकणारं तळं हवं असेल तर : ब्लूगिल आणि बास, सोबतीला रेडइअर. हायब्रीड नकोत. ग्रीन सनफिश गळाला लागला तर परत सोडायचा नाही. मुलं मोठी होऊन त्यांची मुलं गळ टाकायला येतील, तेव्हाही तळं चालू असेल.

मजा हवी असेल तर : तळं नवं किंवा पूर्ण रिकामं केलेलं असावं. त्यात हायब्रीड आणि बास, दुसरे कोणतेही सनफिश नकोत. रोज खाद्य. पकडलेले मासे खायचे आणि काही वर्षांनी नवे आणायचे. थोडक्यात, पीक घेतल्यासारखं. एक सावधगिरी, हायब्रीड गळाला इतके पटकन लागतात की हौसेहौसेत संपूनही जातात.

आधीपासून ब्लूगिल आहेत आणि तरीही हायब्रीड हवेच असतील तर : काही जण हे करतात आणि निभावूनही नेतात. पण त्यासाठी तळ्यात बासची संख्या दणकट लागते. हायब्रीड थोडे आणि मोठ्या आकाराचे सोडावे लागतात, नाहीतर ते बासचाच नाश्ता होतात. पकडलेला प्रत्येक हायब्रीड बाहेर काढायचा. आणि एक गोष्ट आधीच मान्य करायची, की यापुढे तळ्यातले ब्लूगिल शुद्ध आहेत असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. शिवाय दोघं एकच खाद्य खातात. हायब्रीड आधी झडप घालतो, त्यामुळे ब्लूगिलना मोठं करायचं असेल तर त्याच पैशात ब्लूगिलना खाद्य घालणं शहाणपणाचं.

मिसळ आधीच झाली असेल तर : घाबरून लगेच तळं उपसू नका. किनाऱ्यालगत छोटं जाळं ओढून बघा. यंदाची बासची पिल्लं दिसतायत का? मधल्या आकाराच्या सनफिशची गर्दी किती आहे? स्विंगल यांनी तळ्याची तब्येत तपासायला हीच पद्धत सांगितली होती. बासची पिल्लं असतील तर तळं अजून तगून आहे. बास पकडणं थांबवा, बारीक सनफिश भरपूर काढा. बासचा पत्ताच नसेल आणि सगळीकडे बोटाएवढे मासे असतील, तर मात्र पाणी पूर्ण काढून नवी सुरुवात करण्याचा विचार करावा लागतो. रोटेनोन नावाचं, वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारं द्रव्य वापरून सगळे मासे मारण्याचीही पद्धत आहे, पण अमेरिकेत ते परवान्याशिवाय वापरता येत नाही. त्यात तीस वर्षं जपलेले जुने ब्लूगिलही जातात. शंभर हायब्रीडांची खरी किंमत तिथे कळते.

तळं खासगी, पाणी नाही

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

तळ्याला सांडवा असतो. मोठा पाऊस झाला की पाणी वाहतं, पाण्याबरोबर मासे जातात. ते ओढ्यात, मग नदीत. म्हणूनच अमेरिकेत तळ्यात मासे सोडण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. काही ठिकाणी खासगी तळ्यासाठीही परवानगी लागते. डॅलस किंवा अटलांटाच्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी मंडळींनीही हे लक्षात ठेवायला हवं, कारण तिथे घरामागचं तळं अनेकदा आपल्या एकट्याचं नसतं, सगळ्या वसाहतीचं असतं.

मासा एकदा निसटला की काय होतं, याचं उदाहरण जपानचं. १९६० मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिका दौऱ्यावर गेले होते. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी ते मासे संशोधनासाठी जपानच्या मत्स्य विभागाकडे सोपवले. खाण्यासाठी चांगला मासा मिळेल, हा हेतू होता. पुढे ब्लूगिल तिथल्या पाणवठ्यांत पसरले, बिवा या जपानच्या सगळ्यात मोठ्या सरोवरातही पोहोचले आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठले. २००५ पासून जपानच्या कायद्याने ब्लूगिल हा घातक परदेशी जीव ठरला आहे. २००७ मध्ये सम्राट असलेल्या अकिहितो यांनी या सगळ्याबद्दल मनाला वेदना होतात, असं जाहीरपणे सांगितलं.

तिथे तर हायब्रीडही नव्हते. साधे, अस्सल ब्लूगिल होते. हेतू चांगला होता, पण परतीची वाट नव्हती.

त्यामुळे पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला आणि कमेंटमध्ये कुणी विचारलं, "दोन्ही एकत्र सोडले तर चालतील का?", तर त्याला हो किंवा नाही सांगायच्या आधी उलट विचारा : तळ्यात बास किती आहेत, सांडवा कुठे वाहतो आणि दहा वर्षांनी तुला या तळ्यात कोणता मासा बघायचाय?

या तिन्हीची उत्तरं त्याच्याकडे नसतील, तर माशांची पिशवी तळ्यात न उघडलेलीच बरी.